मागितला वीतभर, बांधला छातीभर

मी एक जुना बाजारओटा आहो. जुना म्हनलं म्हनून फार मोठं वय समजू नका. मले बांधून पाचच वर्सं झाली. पन बाजारात बसून पाच वर्सं शिव्या खाल्ल्या की दगडाचाही म्हातारा होते.

मित्रांनो, तुमी वस्तूंच्या लय गोष्टी ऐकल्या असतील. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते, गंजलेला कंदील आपल्या जवानीची आठवन काढते. मले रडता येत नाही. मी रागात आहो. अन् माहा राग असा की उन्हाळ्यात माह्यावर पापड टाकला तर भाजून निघंन, अन् लोक म्हनतील उन्हानं भाजला.

आमचं गाव मंगरूळपीरच्या रस्त्यावर. गुरुवारचा बाजार. मळ्यातल्या मालनी डोक्यावर टोपलं घेऊन भाजी विकाले येत, अन् तांड्यावरचे लोक घ्यायले येत. माह्या जन्माआधी हा सारा बाजार भुईवर भरे. मी तवा खदानीत दगड होतो, पन बायांनी माह्या देखत इतक्या खेपा सांगितलं की आता मले स्वतः पाहिल्यासारखंच वाटते.

विकनारी बाई बारदान टाकून बसे. घेनारी तिच्यासमोर उकिडवी बसे. गुडघ्याले गुडघा लागे. मधात मेथीच्या जुड्या, वांगे, भेदरं म्हंजे तुमचे टमाटे, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, चवळीच्या शेंगा. भुई लय समजदार असते मित्रांनो, ती कोनाले चढ म्हनत नाही. पाच वर्साची पोरगी मिरच्या घ्यायले आली तरी तिचं नाक बरोबर मिरच्यांच्या वर. तांड्यावरचा सेवालाल एका पायानं अधू, तो काठी बाजूले ठेवून बसे अन् एक एक वांगं असं दाबून पाहे का जसा वैद नाडी पाहून राह्यला.

भुईत खोट एकच होती. पान्याच्या दिवसात चिखल. बारदान ओलं, लुगडं ओलं, अन् दिवसभर त्याच ओल्यात बसायचं.

त्या मालनींत एक गिरजाबाई. म्हातारी, एकटी, मळ्यात एक वाफा तिच्या वाट्याचा. सांबार लावावा तर तिनंच. बाजारभर वास येये. तिची जागा लिंबाखाली, तिच्या सासूपासूनची. गुडघे गेलेले. एकदा बसली की दिवसभर धंदा करे, पन उठताना कोनाचा तरी खांदा लागे. एका पावसाळ्यात ओल्यात बसून बसून तिच्या कमरेत अशी कळ भरली का तीन गुरुवार ती आलीच नाही. चौथ्या गुरुवारी आली अन् सरळ सरपंचाच्या ओसरीवर गेली.

सरपंच दौलतराव. पंचायत नवी, सरपंच नवा, डोक्यावरचा फेटाही नवाच. वाईट मानूस नव्हता. वाईट मानसावर राग काढनं सोपं असते. हा चांगला होता, म्हनूनच माह्या रागाले बसाले जागा भेटत नाही.

गिरजाबाई म्हनाली, "दौलतभाऊ, बुड कोरडं राहीन एवढा ओटा बांधून द्या. जास्ती नाई. एवढा."

अन् तिनं वाकून ओसरीच्या भुईवर आपली वीत उभी करून दाखवली. वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"होऊन जाईन," दौलतराव म्हनाला. अन् त्यानं त्या वितीकडे पाहिलंच नाही. तो तवापासूनच उद्घाटनाले कोनाले बोलवायचं ते मनात ठरवून राह्यला होता.

ओट्याचं काम हिरालाल ठेकेदाराले भेटलं. हा हिरालाल म्हंजे मालधक्क्यांचा राजा. जन्मभर त्यानं जिनिंगांत अन् टेशनांवर धक्के बांधले. कापसाचं बोंदरं, सरकीचं पोतं, तुरीचं पोतं, याच्याशिवाय दुसरं कोनी या दुनियेत कुठं बसते, हे त्याले ठाऊकच नव्हतं. धक्का बांधायची त्याची रीत एकच. बैलाची बंडी बोलवायची, मागं लावायची, अन् बंडीची फळी जेवढी उंच तेवढा धक्का. म्हंजे बंडीतून पोतं ढकललं का सरळ धक्क्यावर. हमालाले वाकाचं काम नाही.

त्यानं इथंही तेच केलं. तांड्यावरच्या भाऊसिंगची बंडी बोलावली, लिंबाखाली उलटी लावली, एक खुंटी ठोकली अन् फळीच्या बरोबरीनं तिच्यावर गेरूची लाल रेघ ओढली.

"बस. एवढा," हिरालाल म्हनाला.

सारं गाव उभं होतं. साऱ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या हुशारीनं ओटा मोजताना कोनी पाहिलं नव्हतं. आता यातल्या एकानं तरी म्हनावं ना, का बाप्पा, मालनी बंडीत येत नाहीत, पायी येतात. मेथी पोत्यात येत नाही, टोपल्यात येते. अन् ओट्यावर पोतं बसनार नाही, गिरजाबाई बसनार आहे. तिले ढकलून कसं चालंन? पन नाही. भाऊसिंगनं एवढंच विचारलं का बैल सोडू का आता.

कोनी तरी पायऱ्यांचं नाव काढलं. हिरालाल म्हने धक्क्याले पायऱ्या नसतात. दौलतराव म्हने बरंच झालं, पायऱ्या ठेवल्या का कुत्रे चढतात.

मित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा. मले बांधताना कुत्र्याचा विचार झाला. बाईचा नाही झाला. अन् कुत्र्याचा विचार करून बांधलेल्या या ओट्यावर पहिल्याच संध्याकाळी चार बकऱ्या उड्या मारून बसल्या अन् रवंथ करू लागल्या.

पन त्याच्या आधी एक दिवस आला होता, तो सांगतो. माहं काम सुरू होऊन दोन-चार दिवस झाले होते. काळ्या दगडाचा पहिला थर बसला होता. दुपारची वेळ, मिस्त्री भाकर खाऊन राह्यले होते. गिरजाबाई मळ्यातून आली, टोपलं खाली ठेवलं अन् माह्यावर बसली. पाय मोकळे सोडले. टाचा भुईले टेकल्या. मंग उठली. कोनाचा खांदा नाही घेतला. पुन्हा बसली, पुन्हा उठली, लहान पोरीवानी. अन् माह्यावर हात फिरवून म्हनाली, "झाला माहा ओटा."

मिस्त्री हसला. म्हनाला, "बुढे, उठ. हे तं नुसतं पायथं हाये. ओटा अजून वर जाईन."

त्या दुपारी मी बरोबर वीतभर होतो. माह्या जन्मातली तेवढी एकच दुपार मी शहान्यासारखा दगड होतो. दुसऱ्या दिवशीपासून मले थरावर थर चढवून येडा केला.

मी झालो तवा बाईमानसाच्या छातीएवढा होतो. लांब, रुंद, गुळगुळीत. रस्त्यावरून दिसे. दौलतरावनं स्वतः रस्त्यावर उभं राहून पाहिलं अन् खूश झाला.

उद्घाटनाले वाशीमचे एक मोठे पाहुने आले. वय झालेलं, अंग भरलेलं, कोट घातलेला. फीत माह्या मधोमध, वर बांधली होती. पाहुने आले, त्यांनी वर पाहिलं. चढायले जागा दिसेना. त्यांले वाटलं पायऱ्या पलीकडून असतील, म्हनून ते वळले. तिकडंही नाही. मागं गेले. तिकडंही नाही. ते मले फेरी मारून राह्यले अन् लोकांले वाटलं पाहुने नव्या ओट्याले प्रदक्षिना घालून राह्यले. मंग काय, सारं गाव हात जोडून त्यांच्या मागं. वाजंत्री पुढं. पाहुने थांबले का सारे थांबत, पाहुने चालले का सारे चालत. दोन फेऱ्या झाल्यावर पाहुन्यांनी दौलतरावच्या कानात विचारलं का वर कसं जायचं. दौलतरावच्या तोंडचं पानीच पळालं. कारन हा प्रश्न त्याले त्या घडीपर्यंत कोनीच विचारला नव्हता.

शेवटी भाऊसिंगची बंडी आली. पाहुने बंडीत चढले. बंडी मले लावली. हिरालाल मोठ्या आनंदानं म्हने, पाहा, माप कसं बरोबर आलं. पाहुन्यांनी एक पाय माह्यावर टाकला, अन् ताशेवाल्याले वाटलं का झालं, त्यानं ताशा वाजवला. बैल बिचकले. बंडी वीतभर पुढं गेली, मंग हातभर. पाहुने एका पायानं ओट्यावर अन् एका पायानं बंडीवर, अन् बंडी चालली. ते कसेबसे माह्या काठावर घोड्यावर बसल्यासारखे बसले. धोतराचं काय झालं ते मी सांगत नाही, तुमी लहान आहात.

तशाच बसल्या बसल्या त्यांनी फीत कापली अन् भाषन केलं. म्हने, हा ओटा गरीब-श्रीमंत, लहान-थोर, साऱ्यांसाठी खुला आहे. गिरजाबाई खाली उभी होती. माहा काठ तिच्या छातीशी. ती टाळ्या वाजवून राह्यली होती. तिले वाटलं असंन का वर जायची वाट मागाहून करतील. उद्घाटन तं झालं ना आधी.

पाहुन्यांले चौघांनी उचलून नवरदेवावानी खाली उतरवलं. त्यांनी तो मान समजून साऱ्यांले हात जोडले अन् गेले.

दुसऱ्या दिवशी कोतवालानं दवंडी दिली. येत्या गुरुवारपासून भाजी ओट्यावर बसूनच विकायची. भुईवर कोनी बसायचं नाही. जो ओट्यावर बसनार नाही, नाही तं लागोपाठ दोन बाजार ज्याची जागा रिकामी दिसंन, त्याची जागा दुसऱ्याले देल्या जाईन.

आमच्या बाजारात जागा म्हंजे काय, ते तुमाले सांगतो. जागा गेली म्हंजे बाई बाजारातून गेली. नवी जागा कोनी देत नाही, जुन्या जागेवरच्या बाया सरकत नाहीत. गिरजाबाईची जागा गेली असती तं मंग वाफ्यातला सांबार तिनं काय स्वतःच उभ्यानं चारला असता का बकऱ्यांले?

पहिल्या गुरुवारी जवान मालनी टांग टाकून चढल्या. गिरजाबाईले दोन हमालांनी चढवलं. एकानं काखेत हात घातले, एकानं पाय धरले, "हुप्पा" म्हनले अन् ठेवली. अन् त्यातल्या एकानं सवयीनं तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. पोतं नीट बसलं का नाही ते पाहाले मारतात ना, तशा. तिनं मेथीची जुडी उचलून त्याच्या डोक्यात घातली. सारा बाजार हसला. मी नाही हसलो. त्या थापा माह्यावरच पडल्या होत्या. माप पोत्याचंच होतं ना.

मंग धंदा सुरू झाला, अन् तमाशाही. विकनाऱ्या वर, घेनारे खाली. काठावर टोपल्यांची भिंत, तिच्यावरून नुसते डोळे दिसत. लहान पोरं आली तं डोळेही नाही, एक हात वर येये, त्यात पैसा. हात कोनाचा, त्याले काय पाह्यजे, काही कळेना. एका हाताले कोनी मिरच्या देल्या, घरी जाऊन त्या पोराले मार बसला, कारन त्याच्या मायनं अद्रक सांगितलं होतं. तराजू वर, गिराईक खाली. पारडं खाली गेलं का वर राह्यलं, ते फक्त विकनारीले अन् लिंबावरच्या कावळ्याले दिसे. जन्माच्या सख्या बाया एकमेकीले चोर म्हनू लागल्या. एक कोहळं घरंगळलं अन् बरोबर कोतवालाच्या पायावर पडलं, तवा तो कोनी भुईवर बसलं तं नाही ते पाहत फिरून राह्यला होता.

सेवालालले काठीवर उभं राहून हात वर करता येईना. तो लिंबाच्या बुडाशी बसून लांबूनच ओरडे का वांगं दाखवा. वांगं दाखवत. तो म्हने दाबून पाहू कसं? मंग तो वांग्याशिवायच घरी जाये.

हिरीबाई तांड्यावरची, गिरजाबाईची जुनी गिराईक. सेवालालची भावजय. अंगानं बुटकी, तोंडानं नाही. तिनं टाचा उंच करून काठावरून हात घातला अन् चाचपून चाचपून एक धरलं.

"माय, हे वांगं कितीले?"

"थे वांगं नाई वं हिरे. माहा अंगठा हाये."

"तरीच म्हनलं, एवढं निबर कायले आनलं."

दोघी इतक्या हसल्या का तराजू हलला. त्या दिवसाचं हसू तेवढंच.

आता मी जे सांगतो ते तुमचे मास्तर सांगनार नाहीत. मानसाले दिवसातून चार खेपा लघवीले जा लागते. गरीब असो, श्रीमंत असो, लहान असो, थोर असो. ते पाहुने भाषनात हे बोलले नाहीत. हिरालालच्या पोत्यांले हे लागत नाही, म्हनून त्याच्या डोक्यात आलं नाही. जवान बाया उडी मारून आडोशाले जाऊन येत. गिरजाबाईले कोन उतरवंन? हमाल सकाळी चढवून निघून जात, ते दिवेलागनीले येत. बाईमानसानं कोनाले म्हनायचं का मले उतरवा, मले अमुक ठिकानी जायचं आहे?

म्हनून तिनं पानी सोडलं. बुधवारच्या संध्याकाळपासून ती पानी पीत नसे. चैत वैशाखाचं ऊन. मी असा तापे का लिंबाच्या सावलीतही बारदानातून चटका लागे. तिच्याजवळ पान्याचा गडवा असे. ती त्यातलं पानी घेऊन सांबारावर शिंपडे. जुडी ताजी राहिली पाह्यजे ना. सांबारावर शिंपडे, ओठाले लावत नसे. मी सारं पाहत राहे. मी ओटा. माहं काम तिले बसवनं. बसवून मी तिले वाळवून राह्यलो होतो.

एका गुरुवारी भर दुपारी खाली उभ्या हिरीबाईले तराजू खाली पडताना दिसला. बाकी काही दिसलं नाही. दिसनार कसं? तिनं हाका मारल्या. वरून बोल नाही. शेजारची मालीन ओरडली तवा समजलं. गिरजाबाई आपल्याच सांबारावर आडवी झाली होती.

तिले उतरवलं, लिंबाखाली घातलं, पानी पाजलं. डोळे उघडल्यावर तिनं पहिल्यांदा काय विचारलं असंन? जुड्या दबल्या तं नाही ना, हे.

हिरीबाई तिले हाताले धरून दौलतरावकडे घेऊन गेली. दौलतराव बाजारातच होता. माह्याच सावलीत खुर्ची टाकून बसला होता, सारं बोलनं माह्या कानावर पडलं. हिरीबाई म्हनाली का एक पायरी बांधून द्या. एकच. लिंबाच्या अंगानं.

"एकीले पायरी देली का उद्या साऱ्या मागतील," दौलतराव म्हनाला.

"मागतील तं काय होईन? चढतील."

"अवो, तसं नसते थे. ओट्याचा आकार बिघडते." मंग तो गिरजाबाईकडे वळला. अन् लय मायेनं, खरंच मायेनं म्हनाला, "गिरजाबाई, वय झालं तुहं. ज्याच्यानं चढनं होत नाही त्यानं बाजारात यावंच कायले? घरी आराम कर."

मित्रांनो, मले हात असते तं. जाऊ द्या.

वीतभर ओटा मागनाऱ्या बाईले छातीभर ओटा देला, अन् ती चढू शकली नाही म्हनून कसूर तिच्या गुडघ्यांचा. बांधनाऱ्याची चूक नाही. मोजनाऱ्याची चूक नाही. गुडघेच येडे, त्यांनी धक्क्याच्या मापानं म्हातारं व्हायले पाह्यजे होतं.

गिरजाबाई हिरीबाईच्या खांद्याले धरून घरी गेली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. कोतवाल येऊन तिची रिकामी जागा पाहून गेला. दौलतरावनं साऱ्यांदेखत सांगितलं का अजून एक बाजार पाहू. आली तं आली, नाही तं जागा दुसरीले.

त्या आठवड्यात वळवाचा पाऊस असा झोडपून गेला का माहे सांधे उघडे पडले. हिरालालनं चुन्यात काय कालवलं होतं ते त्याचं त्याले माहीत. पन धुऊन निघाल्यावर तठी चुना कमी अन् बाकीचंच जास्ती दिसलं. लिंबाच्या अंगाचा माहा कोपरा दातावानी हलू लागला.

गुरुवारी गिरजाबाई आली. टोपलं हिरीबाईच्या डोक्यावर, गिरजाबाई तिच्या खांद्याले धरून. खाली चिखल. हमाल पुढं झाले तवा तिनं हातानंच नाही म्हनलं. आज कोनी मले उचलनार नाही, असं ती हिरीबाईले म्हनाली. हिरीबाई म्हने, मंग माय, बसशीन कुठं? भुईवर बसली का जागा गेली. वर नाही बसली का जागा गेली.

ती उभी राह्यली. माह्याकडे पाहत राह्यली. पाच वर्सांत माह्याकडे असं कोनी पाहिलं नाही. मंग तिनं आधारासाठी माहा कोपरा धरला अन् भार टाकला.

कोपरा निघून आला. एक चांगला काळा घडीव दगड सुटला, सरकत खाली आला अन् चिखलात बसला. अन् आधार गेल्याबरोबर गिरजाबाईही खाली आली अन् त्या दगडावर बसली.

साऱ्यांले वाटलं म्हातारी मोडली. गिरजाबाईनं डाव्या-उजव्या बाजूले पाहिलं. पाय मोकळे सोडले. टाचा भुईले टेकल्या होत्या. बुड कोरडं होतं. तिनं दगडाच्या बाजूले आपली वीत लावून पाहिली. मंग हिरीबाईले म्हनाली, "बारदान दे वं."

तिनं दगडावर बारदान टाकलं, टोपलं समोर घेतलं, सांबाराच्या जुड्या मांडल्या. हिरीबाई समोर उकिडवी बसली. गुडघ्याले गुडघा.

कोतवाल धावला. दौलतराव आला, छत्री घेऊन, दोन पंच मागं.

"गिरजाबाई, उठ. दवंडी ऐकली ना तू? ओट्यावर बसूनच विकायचं."

"ओट्यावरच बसली हावो मी, दौलतभाऊ."

"हा ओटा हाये?"

"मंग काय हाये? तुमच्याच ओट्याचा दगड हाये. काल वर होता, आज खाली हाये. तुमाले ओळखू येत नसंन तं हिरालालले बोलवा, त्याची रेघ असंन कुठं तरी."

लोक हसू लागले. दौलतराव म्हनाला का हा सरकारी दगड आहे. ती म्हनाली का मी कुठं घरी नेला, बाजाराचा बाजारातच आहे. दौलतरावनं आवाज चढवला अन् म्हनाला का ओट्यावर म्हंजे वर.

"किती वर?" गिरजाबाईनं विचारलं. "थे सांगा ना. मी तुमाले वीत दाखवली होती. तुमी काय पाहिलं?"

दौलतरावनं कोतवालाकडे पाहिलं. कोतवाल बिचारा खरा मानूस. तो म्हनाला, "मालक, दवंडीत नुसतं ओट्यावर होतं. किती वर थे नव्हतं. मीच वरडलो ना."

तेवढ्यात लिंबाच्या बुडाजवळून सेवालाल काठी टेकत आला. तो माह्यापाशी उभा राह्यला, माहा दुसरा एक दगड हलवून पाहिला, वांगं दाबून पाहे तसा, अन् कोनाले न विचारता ओढला. पडला तो. त्यानं तो गिरजाबाईच्या समोर सरकवला, बसला, काठी बाजूले ठेवली अन् म्हनाला का वांगे कोनाजवळ आहेत.

मंग थांबते कोन? दोन म्हाताऱ्या मालनी आल्या. एक पोटुशी बाई आली, तिलेही टांग टाकून चढनं जड जात होतं पन सांगे कोनाले? मिरच्यावाली आली, तिले काहीच झालं नव्हतं, तिले नुसतं गिराइकाचं तोंड पाहायचं होतं. दगडामागून दगड. दौलतराव छत्री धरून उभा. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तरी छत्री उघडीच. एकेक दगड निघून राह्यला अन् मित्रांनो, मले दुखलं नाही. मी मनात म्हनत होतो, ओढा. या अंगानं ओढा, इकडचा सैल आहे.

गिरजाबाईची जागा गेली नाही. ती आजही लिंबाखाली बसते, त्याच दगडावर. बुधवारी रात्री पोटभर पानी पिते. तहान लागली का गुरुवारी भर बाजारातही पिते, अन् मंग स्वतः उठते, हाताची मूठ गुडघ्यावर ठेवून, अन् जाऊन येते. मी अर्धा उरलो आहो. उरलेल्या अर्ध्यावर तुरीची पोती ठेवतात. ती बरोबर बसतात. त्यांची काही तक्रार नाही.

पन माहा राग गेला नाही. कारन पंचायतीनं दगड गेल्याची चौकशी लावली, मागितलेल्या वीतभर ओट्याचं काय झालं याची नाही. कारन दौलतराव अजूनही म्हनते का बायांनी चांगला ओटा खराब केला. अन् कारन रस्त्याच्या पलीकडे आता नवा दवाखाना बांधून राह्यले आहेत. आजाऱ्यांसाठी. लंगड्यांसाठी, बाळंतिनींसाठी, म्हाताऱ्यांसाठी. काम हिरालालकडेच आहे. मी इथून रोज पाहतो. जोतं वर चाललं आहे. अजून वर चाललं आहे. पायऱ्यांचं मले कुठं काही दिसत नाही. साऱ्यांनी माना डोलावल्या असतील.

तर मित्रांनो, तुमच्यातलं कोनी उद्या मिस्त्री होईन, कोनी ठेकेदार, कोनी सरपंच, कोनी फीत कापनारा पाहुना. तुमी दवाखाना बांधा, शाळा बांधा, देऊळ बांधा, अख्खं गाव बांधा. माहं एवढंच मागनं आहे. रेघ ओढायच्या आधी तिथल्या सर्वात म्हाताऱ्या बाईले बोलवा. तिले बसवा. तिले उठवा. तिच्या हातात टोपलं द्या अन् पुन्हा बसवा. तिले पोटभर पानी पाजा, अन् मंग ती कुठून उतरते, कशी जाते, अन् परत कशी येते, ते स्वतः उभं राहून पाहा. ती परत येऊन बसली, का मंगच चुना कालवा.